फादरांचा आवाज गोड आहे, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीतल्या ख्रिस्ती वस्तीत) तरुण फादर बदलून आले. गळा चांगला, पेटी स्वतः वाजवतात, त्यांच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, शेजारच्या गावांतली माणसंही येऊ लागली. कॉयरमधल्या (चर्चच्या गायनमंडळातल्या) मुलांनी ब्राझीलच्या गाणाऱ्या पाद्रे मार्सेलो रोसींचे व्हिडिओ पाहिले आणि आपल्या फादरांचंही असं नाव व्हावं असं त्यांना वाटू लागलं. मराठी भक्तिगीतं करायची, यूट्यूबवर टाकायची, जमलं तर रेडिओ आणि पेपरपर्यंत न्यायची. सुरुवात कुठून करावी, परवानगी कुणाची घ्यावी आणि हे काम कुठे फसतं?

सुरुवात चालीपासून करा, कॅमेऱ्यापासून नको. फादरांच्या गळ्यावर खूश होऊन गाणं बसवलं की ते फादरच गातात आणि लोक बसून ऐकतात. जगात ज्या पाद्र्यांची गाणी चर्चच्या भिंतीबाहेर गेली, त्यातल्या बहुतेकांची गाणी लोकांच्या तोंडी बसणारी होती. रोसींचंच बघा.

रोसींचा जन्म १९६७ चा, साव पावलोचा. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, जाण्याआधी त्यांनी शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली होती. १९९४ च्या डिसेंबरमध्ये दीक्षा झाली आणि सांतो आमारो धर्मप्रांतात काम सुरू झालं. १९९८ साली त्यांचा पहिला अल्बम आला आणि ३० लाखांहून जास्त प्रती खपल्या. त्यांचा आवाज गायक म्हणून फार असामान्य आहे असं नाही. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात नोहाच्या तारवात जोडीजोडीने चढणारी जनावरं आहेत, आणि प्रत्येक जनावराची हातवारे करून नक्कल करायची असते. पोरासोरांपासून आजीपर्यंत कुणालाही दुसऱ्या कडव्याला ते जमतं. पीटीच्या मास्तरने कवायत शिकवावी तशी ही मिस्सा होई, आणि तिथल्या पेपरांनी तिला ‘प्रभूचं एरोबिक्स’ असं नावही दिलं.

दुसरी गोष्ट वेळेची. १९८९ मध्ये ब्राझीलमधलं एक मोठं टीव्ही चॅनल एका पेंटेकोस्टल (कॅथलिकांपासून वेगळ्या, प्रोटेस्टंट बाजूच्या) चर्चच्या प्रमुखाने विकत घेतलं होतं. कॅथलिक माणसं त्या बाजूला जात होती आणि चर्चला उत्तर हवं होतं. त्याच काळात रविवारच्या दुपारी दोन बड्या चॅनलांची प्रेक्षकांसाठी जुंपलेली होती, त्यांना गर्दी खेचणारा नवा चेहरा हवा होता. झब्बा घालून नाचणारा उंचापुरा पाद्री दोघांनाही पाहिजे होता. तिसरी गोष्ट आपल्याकडे कुणी लक्षात घेत नाही: त्यांचे बिशप फेर्नांदो फिगेरेदो स्वतः मिस्सेला त्यांच्या शेजारी उभे राहत. हा पाद्री नाचतो म्हणून तक्रार घेऊन जायचं तर कुणाकडे? साहेबच तिथे टाळ्या वाजवत होते. प्रसिद्धीची किंमतही पुढे मोजावी लागली. आपण नैराश्याशी झगडलो हे रोसींनी नंतर उघडपणे सांगितलं.

आयर्लंडच्या फादर रे केली यांचं उदाहरण बरोबर उलटं आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओल्डकॅसल गावच्या चर्चमध्ये त्यांनी एका लग्नात एक प्रसिद्ध गाणं नवरा-नवरीची नावं घालून, शब्द बदलून गायलं. तो व्हिडिओ जगभर फिरला आणि वर्ष संपायच्या आत त्यांचा अल्बम आला. चार वर्षांनी ते ब्रिटनच्या टीव्ही स्पर्धेतही दिसले. इथे गळाही खरा आणि योगायोगही खरा. पण योगायोगाचा आराखडा करता येत नाही, त्यामुळे या मार्गाच्या नादी लागू नका. पोर्तुगालच्या पाद्रे गिल्यर्मे पेशोतो यांनी लाऊंदुश गावच्या पॅरिशवरचं कर्ज फेडायला उन्हाळ्यातल्या संगीतरात्री सुरू केल्या, त्यातून डीजेचं काम शिकले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये लिस्बनच्या जागतिक युवा दिनाला पहाटे लाखो पोरांना संगीत लावून त्यांनी जागं केलं. गाण्याआधी त्यांच्याकडे गरज होती, हे इथे बघण्यासारखं आहे.

नुसत्या बोलण्यावर मोठं होणाऱ्यांची परंपरा याहून जुनी. अमेरिकेत फुल्टन शीन १९३० पासून रेडिओवर होते. १९५२ पासून टीव्हीवर आले तेव्हा हातात कागद नसे. एक फळा, एक खडू, आणि अर्धा तास कॅमेऱ्यात बघून बोलणं. १९५३ मध्ये त्यांना एमी हा टीव्हीचा पुरस्कार मिळाला. त्यांच्या आधीचे डेट्रॉइटचे फादर कॉगलिन १९२६ ला रेडिओवर आले, कोट्यवधींपर्यंत पोचले, मग राजकारणात आणि ज्यूद्वेषात घसरले, आणि १९४२ मध्ये आर्चबिशपांनी त्यांना गप्प केलं. सीमाभागात हे उदाहरण जपून ठेवावं. मराठी-कन्नड प्रश्नावर फादरांच्या चॅनलवरून एक वाक्य गेलं की गाणी बाजूला राहतात आणि ते वाक्यच फिरतं.

आता आपल्या जवळची माणसं. केरळात फादर आबेल यांनी १९६९ च्या सुमारास कोचीत कलाभवन उभं केलं. ते गीतं लिहीत, के. के. अँटनी चाली लावत. त्यातून भक्तिगीतं निघाली, ऑर्केस्ट्रा निघाला, पुढे मिमिक्रीचे कार्यक्रम आणि मल्याळी सिनेमातले कितीतरी नट निघाले. थ्रिशूरचे फादर पॉल पूवत्तिंगल येशुदासांकडे शिकले, कर्नाटक संगीतात डॉक्टरेट केली, आणि लोक त्यांना ‘गाणारे पाद्री’ म्हणूनच ओळखतात. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो छापील शब्दावर मोठे झाले. वसईचं ‘सुवार्ता’ मासिक, बायबलचं मराठी भाषांतर आणि २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद.

आणि सगळ्यांच्या आधी फादर स्टीफन्स. इंग्लंडचा हा जेझुइट संघाचा पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आला आणि १६१६ मध्ये राशोलला त्यांचं ख्रिस्तपुराण छापून झालं. लिपी रोमन, भाषा मराठी, छंद ओवी. घराघरांत आणि चर्चमध्ये ते गाऊन वाचलं जाई. इंग्रजी स्तोत्राच्या सुरावर मराठी शब्द कोंबण्याचा मोह त्यांना सहज झाला असता. त्यांनी इथल्या बायकांच्या जात्यावर चालणारा छंद उचलला. प्रोटेस्टंट बाजूला रेव्हरंड ना. वा. टिळकांनी तीनशे वर्षांनी अभंग आणि कीर्तन घेऊन तेच केलं, आणि त्यांची पदं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात. तुमच्या फादरांनी ब्राझीलपेक्षा या दोघांचं बघावं असं माझं स्पष्ट मत आहे.

चाल आणि शब्द

बेळगाव, खानापूर, चंदगड पट्ट्यातल्या कुठल्याही गावात भजनी मंडळ आहे. म्हणजे अभंगाचं वजन लोकांच्या अंगात आहे, धर्म कुठलाही असो. मोठ्या अभंगात चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं यमक. हरवलेल्या कोकराचा दृष्टांत घेतला तर असं बसतं:

शंभरांमधले / एक हरवले / म्हणोनि धावले / पाय त्याचे

अक्षरं बोटांवर मोजा. शं-भ-रां-म-ध-ले सहा, आणि शेवटी पा-य-त्या-चे चार. जोडाक्षर एकच धरायचं. लहान अभंगात आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक. ओवीत साडेतीन चरण, पहिल्या तिघांचं यमक, शेवटचा आखूड. शब्द या मापात असले की चाल बांधणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. नवशिके लिहिणारे बायबलचं वाक्य जसंच्या तसं घेतात: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ यातला ‘आहे’ गाण्यात नुसता लोंबकळतो. क्रियापद शेवटी आणून टाकायची गद्याची सवय सोडली पाहिजे.

इथे एक पथ्य. छंद घ्या, पण विठ्ठलाच्या एखाद्या गाजलेल्या अभंगाची चाल उचलून तिच्यावर येशूचे शब्द चढवू नका. वारकरी मंडळाला ते खटकतं, रास्तच खटकतं, आणि चालीवर कुणाचा हक्क असेल तर व्हिडिओही उतरतो. नवी चाल, जुना छंद.

स्वर कुठला धरायचा यावर सगळ्यात जास्त गाणी मरतात. फादर काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून) गातात आणि अंतरा तार मध्यमावर नेतात. ऐकायला सुंदर, पण बाकावरची माणसं त्या जागी गप्प होतात. सामूहिक गाण्यासाठी सा पांढरी एक किंवा काळी एक धरा आणि चाल मंद्र धैवत ते तार षड्ज यातच ठेवा. तार रिषभ एकदाच, तोही पटकन लागून जाणारा. यात पुरुष खालच्या सप्तकात आणि बायका वरच्या सप्तकात आरामात गातात. फादरांना गळा दाखवायचाच असेल तर सुरुवातीला आठ मात्रांचा आलाप द्या, नाहीतर शेवटच्या अंतऱ्याच्या आधी. पण ध्रुपद, म्हणजे परत परत येणारी ओळ, लोकांचं.

ताल भजनी किंवा केरवा, लय मिनिटाला ७६ ते ९२ मात्रांच्या दरम्यान. प्रायश्चित्तकाळाच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाच्या, गाण्याला दादरा संथ चालतो. ध्रुपद पहिल्या ३० सेकंदांत एकदा पूर्ण ऐकू आलं पाहिजे. दीड मिनिट बासरी आणि डोंगराचे ढग दाखवलेत तर माणूस दुसऱ्या व्हिडिओवर गेलेला असतो. तीन अंतरे पुरे, सगळं मिळून चार-साडेचार मिनिटं.

परीक्षा सोपी आहे. रेकॉर्डिंगचा विचार करायच्या आधी गाणं लागोपाठ तीन रविवारी मिस्सेनंतर चर्चच्या दारात नुसत्या पेटीवर गाऊन घ्या, कागद न वाटता. तिसऱ्या रविवारी ध्रुपद आपोआप उचललं गेलं नाही तर चाल बदला. एका वर्षात अशी चार गाणी टिकली तरी पुष्कळ. रेकॉर्ड करायचं ते या टिकलेल्यांचंच.

रेकॉर्डिंग

चर्चमध्येच करूया, घुमतं छान, असं कुणीतरी म्हणतंच. चर्चमध्ये टाळी वाजवून बघा. उंच छत आणि फरशीच्या जागेत आवाज दोन-तीन सेकंद रेंगाळतो. हा घुमारा एकदा माइकमध्ये शिरला की काढता येत नाही, आणि शब्द एकमेकांत मिसळतात. नंतर कॉम्प्युटरवर घुमारा हवा तेवढा घालता येतो, दीड सेकंदाचा भक्तिगीताला पुरतो. म्हणून गाणाऱ्याचा आवाज धर्मशिक्षणाच्या खोलीत घ्या. तीन भिंतींना गाद्या उभ्या करा, खाली सतरंजी, गाणाऱ्याच्या पाठीमागे दोरीवर दोन जाड घोंगडी. कोपऱ्यात उभं राहू नये, तिथे खर्ज फुगतो. पंखा बंद. खानापूरकडे जून ते सप्टेंबर हा उद्योग करूच नका. कौलांवरचा पाऊस आणि रात्रीचे रातकिडे कुठल्याही माइकला चुकत नाहीत. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ. नाताळची गाणी ऑक्टोबरमध्येच रेकॉर्ड झाली पाहिजेत, कारण ती आगमनकाळ (नाताळआधीचे चार आठवडे) सुरू होताना, नोव्हेंबरअखेरीस बाहेर पडली तर चार आठवडे चालतात. २० डिसेंबरला टाकलेलं नाताळगीत पाच दिवस जगतं.

साधनं फार लागत नाहीत. दोन चॅनलांचा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माइक, पॉप फिल्टर, बंद कानांचा हेडफोन, लॅपटॉप. तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटर, माइक ओठांच्या रेषेपेक्षा किंचित वर आणि थोडा तिरका, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ चे भपकारे थेट बसत नाहीत. पातळी अशी ठेवा की सगळ्यात जोरात गातानाही काटा उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. फाइल ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट.

क्रम असा: आधी तानपुरा आणि मात्रेची टिकटिक, त्यावर पेटी, मग तबला, मग फादरांचा आवाज, सगळ्यात शेवटी कॉयर. सहा जणांचा कॉयर तीनदा गाऊन घेतला आणि दर वेळी जागा बदलल्या तर अठरा जणांसारखा वाटतो. तिन्ही वेळा श्वास त्याच जागी घ्यायचा, नाहीतर शेवटचं ‘स’ आणि ‘त’ फटाक्यांच्या माळेसारखं वाजतं.

पेटीचा सूर ही हमखास चुकणारी जागा. जुन्या हार्मोनियमचे स्वर ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर असतीलच असं नाही. समजा पेटी ४४३ वर आहे आणि कीबोर्ड ४४० वर, तर फरक साधारण १२ सेंटचा पडतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). ऐकताना नेमकं काय चुकतंय ते कळत नाही, पण सगळं मळलेलं वाटतं. मोबाईलच्या ट्यूनर ॲपवर पेटीचे सा, प, तार सा तपासा. येईल तो आकडा कीबोर्डच्या मास्टर ट्यूनिंगला आणि तानपुऱ्याच्या ॲपला द्या, आणि तबला पेटीवरच लावून घ्या. पेटी बदलायची नाही, बाकीचे तिच्याकडे आणायचे. खरं तर कीबोर्ड नसला तरी चालतं. ज्या बेळगावात पंडित रामभाऊ विजापुरे यांच्यासारख्यांनी पिढ्यांना पेटी शिकवली, तिथे मराठी भक्तिगीताखाली कीबोर्डचे नकली व्हायोलिन पसरवायची हौस मला तरी कळत नाही.

उच्चारांसाठी वेगळी एक संध्याकाळ ठेवा. कॉयरमध्ये कोकणी घरची, कन्नड घरची, मराठी घरची पोरं एकत्र असतात. ‘चरण’ मधला च आणि ‘चांदणं’ मधला च वेगळे आहेत. कन्नड घरातल्या मुलांचे दोन्ही पहिल्यासारखे होतात. ‘जग’ आणि ‘जीव’ यांचंही तसंच. ‘कृपा’ कुणी ‘क्रपा’ म्हणतं, कुणी ‘क्रिपा’. फादर मंगळूरकडचे किंवा गोव्याचे असले तर त्यांचेही ऱ्हस्व-दीर्घ एकदा कुणा शाळामास्तरांकडून ऐकून घ्या. लाजायचं कारण नाही. मराठी श्रोता सुराची चूक पोटात घालतो, उच्चाराची घालत नाही.

मिक्सिंग झालं की हेडफोनवर खूश होऊन थांबू नका. ऐकणारे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकणार, आणि त्यात डग्ग्याची घूम जवळजवळ गायब होते. मग गाण्याला ठेकाच नाही असं वाटतं. डग्ग्याचा वरचा ठोका आणि टाळ थोडे पुढे आणा. शेवटची फाइल उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आसपास, शिखर उणे १ डेसिबल. याहून जोरात केलीत तर यूट्यूब आपणहून खाली ओढतं. मिळत काही नाही, चिरडलेला आवाज मात्र राहतो.

माध्यमं

चॅनल एकच ठेवा, पण पहिली आठ-दहा गाणी फक्त मराठी. आपल्याकडे मिस्सा कोकणीत, मराठीत, कन्नडात, इंग्रजीत होते म्हणून चॅनलवरही चारही भाषांची भेळ करायची इच्छा होते. मराठीसाठी आलेल्याला पुढची तीन गाणी कन्नड दिसली की तो परत येत नाही, आणि कन्नडवाल्याचंही तेच. नंतर कन्नड गाणी साठली की त्यांचं वेगळं दालन करता येतं. शीर्षक देवनागरीत: गाण्याचा पहिला चरण, मग ‘मराठी ख्रिस्ती भक्तिगीत’. लोक शोधतात ते याच शब्दांनी. वर्णनात पूर्ण शब्द आणि स्वर कुठला ते लिहा, म्हणजे दुसऱ्या पॅरिशचा पेटीवाला ते वाजवू शकेल. गाणं पसरतं ते अशा पेटीवाल्यांमुळे. कराओके ट्रॅक त्याच दिवशी टाका.

व्हॉट्सॲपवर नुसती ऑडिओ फाइल सोडू नका. ती नाव गमावून फिरते आणि महिन्याभरात दुसऱ्याच्या चॅनलवर दिसते. ध्रुपदाचा ३० सेकंदांचा उभा व्हिडिओ, खाली शब्द आणि चॅनलचं नाव, एवढंच द्या.

मिस्सेचं थेट प्रक्षेपण हे वेगळं काम आहे, आणि त्यात चित्रापेक्षा आवाज आधी जातो. चर्चच्या मिक्सरचं मेन आउटपुट थेट लाइव्हला जोडलं तर त्यात फक्त माइकवर असलेलं येतं: फादर ऐकू येतात, लोकांचं उत्तर येत नाही, पेटी चर्चमध्ये तशीच मोठी वाजत असल्याने तिचा माइक बारीक ठेवलेला असतो, म्हणून तीही जाते. मिक्सरच्या ऑक्समधून (मेनशिवायच्या जादा आउटपुटमधून) वेगळं मिश्रण काढा आणि बाकांच्या दिशेने एक माइक फक्त लाइव्हसाठी टांगा. पूर्ण एचडीला ४ ते ६ एमबीपीएस जातात, म्हणून अपलोडचा वेग स्थिर १० हवा, आणि वायफायऐवजी केबल. राउटर, मिक्सर आणि लॅपटॉप तिन्ही एकाच यूपीएसवर घ्या. राउटर विसरला जातो आणि लाइट गेल्यावर पहिल्यांदा तोच मरतो.

पेपरसाठी बेळगावच्या मराठी आवृत्त्यांना नाताळ आणि ईस्टरच्या दहा-बारा दिवस आधी दीडशे शब्दांचं निवेदन आणि एक स्वच्छ फोटो द्या. निवेदनात फादरांचं कौतुक कमी आणि गावातला तबलजी कोण, शब्द कुणाचे, हे जास्त असावं. छापून येतं ते हेच. आकाशवाणीसाठी फादरांना सुगम संगीताची ऑडिशन द्यावी लागेल. वेळ लागतो, पण ग्रेड मिळाली की ती कायम कामाला येते. मैदानावर कार्यक्रम ठरवलात तर ध्वनिक्षेपकाची परवानगी आधी घ्या, आणि रात्री दहानंतर बंद.

परवानगी, हक्क, पैसे

बिशपसाहेबांना पहिलं गाणं बाहेर पडण्याआधी भेटा, नंतर नको. मिस्सेतले ठरलेले पाठ आणि प्रार्थना यांच्या शब्दांना हात लावता येत नाही. चालीत बसत नाही म्हणून ‘पवित्र, पवित्र’ मधला एखादा शब्द गाळला की गाणं कितीही गोड असो, मिस्सेत चालत नाही. भक्तिगीताला एवढी बंधनं नाहीत. पण पाद्र्याने रेडिओ-टीव्हीवर धर्मशिकवणुकीवर बोलायचं तर बिशप परिषदेचे नियम लागू होतात, असं चर्चच्या कायद्याचं ८३१ वं कलम सांगतं. २८६ व्या कलमानुसार पाद्र्याला परवानगीशिवाय धंदा-व्यापार करता येत नाही. फादर एखाद्या संस्थेचे, म्हणजे जेझुइट वगैरे असतील तर त्यांच्या कामातून आलेला पैसा संस्थेचा होतो. म्हणजे यूट्यूबची कमाई फादरांच्या वैयक्तिक खात्यावर घेणं हे पहिल्या रुपयापासून चूक आहे. जाहिरातींची कमाई सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं, त्यामुळे घाई नाही, पण खातं कुणाचं ते आधीच कागदावर ठरवा.

शब्द लिहिणारा, चाल लावणारा, पेटीवाला, तबलजी या प्रत्येकाशी एक पान लिहून घ्या: काय केलं, किती मिळाले, नाव कसं छापायचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहज काढून घेता येत नाही. आपल्याच गावचा आहे म्हणून कागद टाळला जातो, आणि गाणं चाललं की त्याच गावात बोलणं बंद होतं. दुसऱ्यांची गाणी मिस्सेत गायला कायद्यात सवलत आहे, धार्मिक विधी म्हणून. तेच गाणं वेगळं रेकॉर्ड करून चॅनलवर टाकलंत तर ती सवलत पोचत नाही, आणि यूट्यूबचं यंत्र तर विधी आणि मैफल यात फरकच करत नाही. टिळकांचे शब्द आता सर्वांसाठी खुले आहेत, त्यांच्या निधनाला शंभरहून जास्त वर्षं झाली. त्यांवर एखाद्याने अलीकडे लावलेली चाल खुली नाही.

एक विचित्र अडचण नेहमी येते. गाणं वितरकामार्फत (गाणी ॲपवर पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) सगळ्या ॲपवर दिलं की यूट्यूब तुमच्याच चॅनलवर तुमच्याच गाण्याचा हक्कदावा लावतं. गाणं देतानाच वितरकाला आपल्या चॅनलची लिंक देऊन ते मोकळं करून घ्यावं लागतं. कीबोर्डमधले तयार लूप वापरले तरी हाच घोळ, कारण तो लूप दुसऱ्या हजार गाण्यांतही असतो.

आणि शेवटचं, जे कुणी विचारत नाही: फादरांची बदली. ती होणारच. चॅनल त्यांच्या खाजगी जीमेलवर आणि ओटीपी त्यांच्या मोबाईलवर असेल तर ते गेल्या दिवशी कॉयरच्या हाती काही राहत नाही. किंवा उलट, कॉयरमधला जो मुलगा सांभाळत होता तो पुण्याला नोकरीला गेला की फादरांच्याच हाती काही राहत नाही. म्हणून चॅनल ब्रँड अकाउंटवर (एकाहून जास्त मालक चालणाऱ्या गूगल खात्यावर) काढा, नाव पॅरिशचं किंवा गायनमंडळाचं ठेवा, मालक दोन ठेवा, आणि रिकव्हरीला पॅरिश ऑफिसचा नंबर द्या. थंबनेलवर दर वेळी फादरांचाच चेहरा नको. कधी पेटी, कधी कॉयर, कधी गावचा खुरीस (क्रूस). नव्या मालकाला मुख्य मालक करायला यूट्यूब सात दिवस थांबवतं, आणि बहुतेक बदल्या मे-जूनमध्ये होतात. तेव्हा हे काम ईस्टरच्या आसपासच उरकून घ्या. निरोपसमारंभाच्या दिवशी फादर ट्रंक बांधत असतात, पासवर्ड त्यांना आठवत नाही.